हळदीच्या मांडवातला पिवळा खांब

अहो, इकडे! एवढं वर नका बघू, तो विजेचा खांब. त्याचा तोरा वेगळा. जरा खाली नजर करा. गल्लीच्या तोंडाशी, माणसाच्या कमरेएवढा, पिवळाधमक. हां, मीच बोलतोय. माझ्या डोक्यावर पाटी आहे ती आधी वाचा, मग पुढचं सांगतो. ‘सावधान! खाली गॅसची पाइपलाइन आहे. खोदण्यापूर्वी फोन करा.’ आणि त्याखाली एक नंबर.

वाचलंत? बरं झालं. या गल्लीत येणाऱ्यांपैकी निम्मे लोक माझ्यावर नुसती पिशवी टेकवतात.

माझा जन्म अंबरनाथच्या एमआयडीसीतला. एका वर्कशॉपमध्ये लोखंडी नळीचे तुकडे पाडले, वर पत्र्याची पाटी वेल्ड केली आणि पिवळा रंग फासून आम्हा भावंडांना उन्हात वाळत घातलं. पाट्यांवर अक्षरं रंगवणारा गडी मोठा रंगेल होता. एकीकडे गाणं गुणगुणायचं, दुसरीकडे कुंचला फिरवायचा. त्यामुळे माझ्या ‘सावधान’मधला ‘न’ जरा नाचल्यासारखा पडला आहे. माझा स्वभावही तसाच झाला. काम सावध करण्याचं, पण मन सदा खुशीत.

मला टेम्पोत घालून चिखलोलीला आणलं आणि या गल्लीच्या तोंडाशी पुरलं. का, तर सरकारचा नियम आहे. ज्या कंपनीनं जमिनीखालून गॅस न्यायचा, तिनं वरून जाणाऱ्या-येणाऱ्याला तसं सांगितलं पाहिजे. पाइप आहे प्लॅस्टिकचा. त्याच्या वर मातीतच एक पिवळी पट्टी अंथरलेली असते. म्हणजे माझं न ऐकता कुणी खणायला लागलंच, तर आधी पट्टी हाती लागावी आणि त्यानं थांबावं. पहिला पहारेकरी मी, दुसरी ती पट्टी. आम्हा दोघांवर गल्लीच्या सगळ्या चुली अवलंबून.

गॅस आला त्या दिवशी समोरच्या रखमाताईंनी शेगडी पेटवून चहा केला आणि सगळ्या गल्लीला पाजला. आता सिलिंडरसाठी ताटकळायला नको म्हणून बाई हरखून गेल्या होत्या. तेव्हापासून मी गल्लीतलाच झालो. शिफ्टला निघालेले कामगार रिक्षाची वाट बघताना माझ्या डोक्यावर डबा ठेवत. पोरं लपाछपीचं राज्य माझ्यावरच घेत. रखमाताई तर माझ्यावर फरशीचं फडकं वाळत घालायच्या. मी सरकारी नियमानं उभा राहिलेला, आणि डोक्यावर ओलं फडकं! पण रागावणार कुणावर? माणसं आपली होती.

माझा खरा दोस्त मात्र संतोष. तो गॅस कंपनीचा माणूस. पाइप जिकडून गेलाय तिकडून रोज पायी चालत जायचं आणि कुठे कुणी खणत तर नाही ना ते बघायचं, हे त्याचं काम. माझ्यापाशी आला की डोक्यावर टपली मारायचा. “काय बॉस, सगळं ठीक ना?” मग खिशातल्या रुमालानं पाटी पुसायचा. पुढे कंपनीनं तीन माणसांची हद्द त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातली. बिचारा मोटरसायकलवर कधीतरी हायवेनं भुर्रकन जाताना दिसायचा. पाटीवर धूळ साचली.

त्यातच आजूबाजूला इमारती उगवायला लागल्या. नवं स्टेशन होणार म्हणून चिखलोलीला भलतंच बाळसं आलं आहे. कुणाच्या तरी पायाच्या भरावाला माती हवी होती, ती जेसीबीनं इथूनच खरवडून नेली. माझ्या पायाचं सिमेंट उघडं पडलं. पाइप होता तिथेच होता हो, पण त्याच्यावरचं पांघरूण पातळ झालं. हे बघायला कंपनीकडून कुणी आलं नाही.

अशात रखमाताईंच्या मायाचं लग्न ठरलं. माया बदलापूरला एका लॅबमध्ये काम करते, गुणाची पोर. मुलगा खरवईचा. मायाचे वडील रामभाऊ, एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, काम हाती घेतलं की तडीस नेणारे. एकुलत्या मुलीची हळद, आणि दुसऱ्या दिवशी लग्न, दोन्ही गल्लीतच करायचं त्यांनी ठरवलं. मांडव गल्लीभर आणि कमान रस्त्याच्या बाजूला, दिव्यांची, भली मोठी. आणि त्या कमानीच्या नेमक्या तोंडात कोण? मी!

रामभाऊ चष्मा लावून माझ्यासमोर उकिडवे बसले. आजवर कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं, पाटी नीट वाचली. मग मोबाइल काढून नंबर लावला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! त्यांनी फोन कानाला धरला, खाली घेतला, परत लावला.

“लागतच नाय गं,” ते रखमाताईंना म्हणाले. “आता काय करायचं?”

“काढा, पण फेकू नका हां. सरकारी वस्तू आहे.”

“फेकतोय कशाला? नळाजवळ लावतो, सिमेंटमध्ये. लग्न झालं की परत आणू.”

आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी मला अलगद उपटलं, धुतलं-पुसलं, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सार्वजनिक नळाशेजारी झकास रोवलं. खांब उभा आहे म्हणजे नियम पाळला, असा त्या भल्या माणसाचा हिशेब. पण माझ्या पायाखाली आता पाण्याची नळी होती आणि पाटीवर गॅस. माझी जुनी जागा बिनपहाऱ्याची झाली होती.

हळदीच्या दिवशी सकाळीच उल्हासनगरहून मंडपवाला आला. मी निघाल्यानं पडलेला खड्डा बघून त्याचा चेहरा खुलला.

“खड्डा तो रेडी है, मामा! जरा और खोल करू. कमान मोठी आहे, हवा मारेल तिला.”

त्यानं पहार घातली. पहिल्याच घावात माझी सोबतीण, ती पिवळी पट्टी, वर आली. त्यानं ओढली तर हातभर निघाली, अजून ओढली तर आणखी निघाली. तिच्यावरची अक्षरं मातीनं पार माखली होती. रखमाताई लगबगीनं आल्या.

“अगो बाई, पिवळी! आज हळदच आहे. बांध रे वर, शोभून दिसेल.”

आणि ती पट्टी मांडवाला तोरणासारखी लागली! दोन पहारेकरी होते. एक नळावर उभा, दुसरी सजावटीत. खाली पहार धप्प धप्प चालली होती. मी इतका घाबरलो होतो की काय सांगू. गल्लीत बायका बसलेल्या, पोरं खेळणारी, घराघरांत शेगड्या पेटलेल्या. पहार पाइपात घुसली असती तर? मी जीव तोडून ओरडलो, पण पत्र्याची पाटी किती ओरडणार? सुदैवानं रखमाताईंनी पोहे आणले आणि मंडपवाला पहार खड्ड्यातच उभी ठेवून खायला बसला.

देव, दैव, नशीब, कुणाला काय म्हणायचं ते म्हणा. तेवढ्यात नळाच्या बाजूनं तीन माणसं गल्लीत शिरली. पुढे कीर्ती मॅडम, गॅस कंपन्या सुरक्षेचे नियम पाळतात की नाही ते तपासणाऱ्या सरकारी अधिकारी. मागे कंपनीचे एक साहेब, रुमालानं मान पुसत. आणि त्यांच्या मागे माझा संतोष! त्यानं मला बघितलं आणि जागीच थबकला.

“बॉस, तू इथे कसा?”

मॅडमनी हातातला नकाशा उलगडला. “हा खांब इथे असायला नको. पाइपलाइन त्या टोकाला आहे.” मग वाकून पाटी वाचली आणि मोबाइल काढून माझाच नंबर लावला. स्पीकरवर. ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.’

माझी मान शरमेनं खाली गेली असती, पण वेल्ड केलेली होती. इतकी वर्षं मी जो नंबर छातीठोकपणे मिरवत होतो, तो मेलेला होता!

“नंबर बदललाय मॅडम,” साहेब म्हणाले. “पाट्या अपडेट व्हायच्यात.”

मॅडमचं लक्ष मात्र मांडवाकडे गेलं होतं. त्या झपाझप चालत गेल्या आणि त्या पिवळ्या पट्टीवरची माती त्यांनी अंगठ्यानं पुसली.

“ही कुठून आणली?”

“आवडली का मॅडम?” रखमाताई खुलल्या. “तुम्हाला पण देते थोडी. या खड्ड्यातनं निघाली.”

“पहारीला कुणी हात लावू नका!”

मंडपवाल्याचा पोह्यांचा घास हातातच राहिला. मॅडमनी शेगड्या बंद करायला लावल्या आणि बायका-पोरांना लांब नेलं. साहेबांनी गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला. संतोष खड्ड्याशी पालथा झोपला. पहार त्यानं हळूच वर उचलून घेतली आणि हातानं माती उकरू लागला. गॅसचा वास टिपणारं यंत्र त्यानं आत धरलं. ते गप्प राहिलं. पहारीच्या टोकाखाली चार बोटांवर पाइप होता, पिवळा, गुळगुळीत, साधा ओरखडाही नाही.

“वाचलो,” संतोष म्हणाला, आणि खड्ड्याशीच बसून राहिला.

आता साहेबांना जोर चढला. “मॅडम, खांब हलवणं गुन्हा आहे. या लोकांवर पोलीस केस करा.”

रामभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी मुलीची हळद, आणि बाप चौकीत? माया दारात येऊन उभी राहिली होती, हातावर मेंदी, डोळ्यांत पाणी.

“मॅडम,” रामभाऊ कसेबसे बोलले, “मी फोन लावला होता. दोनदा. पाटीवर लिहिलंय म्हणून. लागला नाय.”

मॅडम साहेबांकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण सगळ्या गल्लीला ऐकू आला.

“यांनी तुमच्या पाटीवर लिहिलंय तेच केलं. तो नंबर चालू ठेवायचं काम कुणाचं होतं? माती इतकी खाली गेली, इथे कुणी फिरकलं का? संतोषकडे एवढी मोठी हद्द कुणी दिली? नोटीस तुम्हाला मिळेल, यांना नाही. सगळ्या खांबांवर नवा नंबर लागेपर्यंत आणि रोजची पायी गस्त सुरू होईपर्यंत तुम्हाला या भागात एकही नवं कनेक्शन देता येणार नाही. आणि इथला पाइप नियमाएवढा खोल आजच जायला हवा.”

“आज? मॅडम, आज कसं...”

“आज. संध्याकाळी यांच्याकडे हळद आहे.”

मग रामभाऊंकडे वळून म्हणाल्या, “आणि काका, फोन लागला नाही तर खणायचं नाही. खांब हलवायचा तर मुळीच नाही. कळलं?”

“कळलं मॅडम,” रामभाऊंनी कान पकडले. कुणीतरी हसलं, आणि मग सगळी गल्लीच हसायला लागली.

त्यानंतर जी धांदल उडाली ती बघायला पाहिजे होती तुम्ही! कंपनीची माणसं फावडी घेऊन आली. त्यांनी हातानं चर खणून पाइप खोल नेला, वर माती भरली आणि नवी पट्टी अंथरली. मांडव उलटा फिरवला आणि कमान नळाच्या बाजूला गेली. मंडपवाला म्हणाला, “मामा, इधर से तो और मस्त दिसतंय!” गॅस बंद, म्हणून माळ्यावरची जुनी सिलिंडरं उतरली. कुणी विटांची चूल मांडली. नेहमी तोंड फिरवून जाणाऱ्या दोन शेजारणी एकाच कढईत वडे तळत होत्या. साहेबसुद्धा बाह्या वर करून मांडवाचा दोर ओढत होते.

आणि मी? संतोषनं मला खांद्यावर टाकून माझ्या जुन्या जागी आणलं. सिमेंट कालवलं, ओळंबा लावून सरळ उभं केलं, जुना नंबर खरवडून नवा रंगवला. मॅडमनी तो तिथल्या तिथे लावून बघितला. पहिल्याच रिंगला उचलला! मग संतोषनं माझ्या डोक्यावर टपली मारली. एवढ्या वर्षांत मी इतका खूश झालो नव्हतो.

संध्याकाळी ढोलकी वाजली. मायाला हळद लागली, करवल्या नाचल्या. रखमाताई हळदीची वाटी घेऊन थेट माझ्याकडे आल्या.

“याला पण लावा. आज यानंच वाचवलं.”

“आई,” माया हसत म्हणाली, “याला काय लावायची? हा तर कधीपासून हळद लावून बसलाय!”

तरी त्यांनी लावलीच. निघता निघता मॅडमनाही लावली. ड्यूटीवर आहे म्हणून त्यांनी वडे खाल्ले नाहीत, पण रखमाताईंनी पुडीत बांधून दिलेच. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साडीतली माया मांडवात उभी राहिली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि त्या गंभीर स्वरांत मीही मनातल्या मनात हात जोडले. घराघरांत निळ्या ज्योती परत पेटल्या होत्या.

जाताना मॅडम रामभाऊंना एक सांगून गेल्या होत्या. नंबर चालू आहे की नाही ते अधूनमधून बघत जा, नसेल तर मला कळवा. रामभाऊंनी ते वेदवाक्य मानलं. दर एक तारखेला चष्मा लावून माझ्यासमोर उभे राहतात आणि पाटीवर बघून नंबर लावतात, पाठ झालाय तरी.

“हॅलो, चिखलोलीवरून रामभाऊ. नाय नाय, खणायचं नाय. उचलता का बघितलं. बरं, ठेवतो.”

पलीकडे ड्यूटीवर कुणी वेणू नावाची मुलगी असते. सुरुवातीला ती वैतागायची. मग विचारायला लागली, “काका, माया कशी आहे?”

मागच्या महिन्यात रामभाऊ तारीख विसरले. माया खरवईहून माहेरी आली होती, पहिलटकरीण, आणि घरात आनंदीआनंद. दुपार सरली, तरी ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मी वाट बघत होतो. आणि मग घरातून त्यांचा फोन वाजलेला मला ऐकू आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“काका, वेणू बोलतेय, गॅस कंपनीतून. आज तुमचा फोन नाही आला. तिकडे सगळं ठीक आहे ना?”

रामभाऊ चष्मा काढून पुसत बसले. शेवटी रखमाताईंनीच फोन हातात घेतला. “ठीक आहे गं पोरी. बारशाला ये.”

तर असा मी, गल्लीच्या तोंडाशी पुन्हा उभा. डबे ठेवा, राज्य घ्या, फडकंही वाळवा, काही म्हणणार नाही. फक्त मला हलवू नका. आणि तुमच्या गल्लीत माझं एखादं भावंड उभं असेलच. खणायचं असो नसो, त्याच्या पाटीवरचा नंबर एकदा लावून बघा. आमच्याकडे उचलतात.