लग्नासाठी घेतलेली घरं

कॉलेजात भूगोलाच्या पेपराला एक प्रश्न हमखास यायचा: इजिप्तची जवळजवळ सगळी माणसं नाईलच्या काठालाच का दाटली आहेत? मी 'पाणी' असं उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. नकाशात हिरवा दोरा, बाकी सगळं पिवळं. त्या पिवळ्यात आम्ही उन्हाळ्यात राहायला गेलो. तिथे नळाला रात्रंदिवस पाणी असायचं.

कैरोत, इंबाबा नावाच्या दाट वस्तीतल्या शाळेत, माझी तालिया एका बाकावर चौघींत बसायची. घंटा झाल्यावर जिन्यात रेटारेटी झाली, ती पडली आणि पोरी तिच्या हातावरून गेल्या. प्लास्टर निघाल्यावरही मी तिची बोटं पुन्हा पुन्हा हलवून बघायचे. शेवटी नवऱ्याच्या, रऊफच्या, मीच मागे लागले. वाळवंटातल्या नव्या शहरात घर घ्यायचं. समोरच गुलाबी रंगाची नवी शाळा होती.

सासूबाई म्हणाल्या, "जा! तिथे मेलीस तर रडायला कुत्रंसुद्धा मिळायचं नाही."

"चेंगरून तरी मरणार नाही, आई."

शाळा सुरू व्हायचा दिवस आला, पण गुलाबी फाटकाचं कुलूप निघालं नाही. शिक्षण खात्यातल्या बाईंनी चहात साखर ढवळत सांगितलं, "वर्गापुरती मुलं दाखवा, उद्या शिक्षिका पाठवते."

तान्ह्या यासीनला कडेवर घेऊन मी इमारतीतल्या बेला दाबत सुटले. दरवान जाबेर जिन्याखालून ओरडला, "तालियाची आई, कशाला बोटं झिजवताय? आत कोणी नाही."

"घरं विकली गेली नाहीत?"

"सगळी गेली! हे करीमचं. समोरचं त्याच्या भावाचं. बापानं लग्नासाठी घेऊन ठेवलीत."

"मग करीम राहायला कधी येणार?"

"लग्न झालं की!" जाबेरला हसू आवरेना. "सध्या बालवाडीत आहे. तुमच्या इंबाबातच."

नंबर मागून मी करीमच्या आईला फोन केला.

"अगं बाई, वेड लागलंय का?" ती म्हणाली. "माझी आई इथे, डॉक्टर इथे. आणि सुनेला काय वापरलेलं घर देऊ? आधी तुमच्या शाळेत मुलं येऊ देत, मग बघू."

दुसऱ्या मजल्यावरच्या घराची मालकीणही फोनवर हेच म्हणाली. तिसऱ्या मजल्याच्या मालकिणीने तर फोन तालियाला द्यायला लावून तिलाच विचारलं, मोठी झाल्यावर आमच्या मुलाशी लग्न करशील का.

"रोज मायक्रोबसने पाठवू इंबाबाला," रऊफ म्हणाला.

"त्या हायवेवरून? माझी मुलगी? नाही."

"मग मुलीला घरातच ठेवणार आहेस?"

ऑक्टोबरात आम्ही सामान बांधलं. सोफ्यावर प्लास्टिक मीच चढवलं, कोपरे नीट खोचून, वाळू शिरू नये म्हणून.

जाबेरने कुलूप ओढून बघितलं. "कुणी बेल वाजवली तर काय सांगू?"

"सांगा, यासीनच्या लग्नासाठी ठेवलंय," रऊफ म्हणाला. यासीन माझ्या खांद्यावर लाळ गाळत होता.

इंबाबात सासूबाईंनी दार उघडलं. नुसत्या बाजूला सरकल्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तालिया आता बाकावर पाचवी आहे. शाळेच्या फाटकाशी मी तिची वेणी घट्ट केली आणि बजावलं, "घंटा झाली तरी उठायचं नाही. सगळ्या गेल्या की मग उठायचं."

"सगळ्या कधी जातच नाहीत, मम्मा," ती म्हणाली. "दुपारच्या पाळीच्या पोरी वर येतात."