दोराच्या टोकाचा आकडा

मी आकडा बोलतोय. चार नखांचा, लोखंडी, दोराच्या टोकाला बांधलेला. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. माझा जन्मच मार खाऊन झाला. ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा लोहाराने लालभडक तापवला आणि घणाखाली असा बडवला, की शेजारणींनी खिडक्या लावून घेतल्या. "एकदा चावला की सोडता कामा नये," लोहार म्हणाला. मला तेवढं एकच येतं.

माझा पहिला धनी नावाडी. नाव लावताना तो मला काठावर फेकायचा आणि मी दगडांत रुतून बसायचो. पुढे वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला, नदीला वास सुटला, आणि नाक दाबून नावेत बसणार कोण? शेवटच्या दिवशी त्याने एक शिवी हासडून मला पाण्यात भिरकावलं. शिवी मला नव्हती हे कळत होतं, तरी लागलीच.

मग कितीतरी वर्षं गाळात. फुटके कमोड, गाद्या, टायर, एकदा तर अख्खी शिलाई मशीन माझ्या टाळक्यात बसली. नदीत टाकलेली वस्तू नाहीशी होते, अशी माणसांची ठाम समजूत आहे. त्यांनी एकदा खाली येऊन पाहावं!

मला वर काढलं ते नावाड्याच्या थोरल्या लेकीने. तिचं इस्त्रीचं दुकान. सुट्टीच्या सकाळी ती आणि गल्लीतली माणसं नदीतला कचरा काढायला कंबरभर पाण्यात उतरायची. त्यांत औषधांचा एक दुकानदार होता. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे, पण रक्त पाहिलं की गड्याला घेरी यायची. बापाने माझ्या दांड्यावर कोरलेली खूण थोरलीने ओळखली आणि मला गाळासकट छातीशी धरलं.

मला नवा दोर मिळाला. मी टायरला चावायचो, मागे सगळे ओढायचे. त्यांची एक खोड मात्र मला मुळीच आवडायची नाही. दोर हातातून निसटू नये म्हणून थोरली त्याचं शेवटचं टोक स्वतःच्या कमरेला बांधायची. अगं बाई, दोर हातात धरायचा असतो! पण लोखंडाचं ऐकतो कोण?

काठावर त्यांनी लव्हाळी लावली. पाणी नितळायला लागलं. बोटाएवढे मासे दिसले तेव्हा डॉक्टर पाण्यातच नाचला. आणि एका सकाळी तेच मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. कारखान्याचा टँकर पहाटे येऊन विष ओतून जात होता, आणि टँकर चालवत होता थोरलीचा सख्खा धाकटा भाऊ.

"आपल्याच नदीला मारतोस?" तिने त्याला दुकानातच विचारलं.

"मग काय, तुझे मासे मोजत बसू? माझं पोट कोण भरणार?" तो म्हणाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

मग ही मंडळी लव्हाळ्यांमागे दबा धरून बसली. उजाडता उजाडता टँकर आला. धाकट्याबरोबर आलेल्या कारखान्याच्या मुकादमाने जाडजूड पाइप नदीत सोडला, कॉक उघडला, आणि काळं पाणी भसाभस ओतू लागलं. थोरली उठली. कमरेला दोराचं टोक, हातात मी. तिने मला गरगर फिरवून फेकलं आणि मी पाइपात नखं रोवली. "ओढा!"

मुकादम सळई घेऊन धावला. "सोडा, नाहीतर हाडं मोडीन एकेकाची!" पहिला घाव डॉक्टरच्या डोक्यात बसला. रक्त डोळ्यांत उतरलं, पण बेट्याला घेरी आली नाही. त्याने मुकादमाच्या मनगटात दात रोवले. बाकीचे दोर टाकून डॉक्टरला सोडवायला धावले. केबिनमधला धाकटा भेदरला आणि त्याने गाडी काढली.

मी पाइपात अडकलेलो, पाइप टँकरला आणि थोरली माझ्या दोराला.

ती दगडगोट्यांवरून फरफटत गेली. दोराचा वेढा तिच्या उजव्या हाताला बसला आणि बोटं मोडल्याचा हिसका माझ्यापर्यंत आला. मला सुटायचं होतं हो! पण सोडायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

धाकट्याने आरशात पाहिलं. ब्रेक किंचाळले. "ताई! ताई गं!" करत तो धावला आणि त्याने तिच्या कमरेची गाठ सोडवली.

"मरू दे तिला, गाडी काढ!" हिसडा देऊन सुटलेला मुकादम ओरडला.

धाकट्याने मला पाइपातून उपटलं. इतकं घट्ट मला कुणीच धरलं नव्हतं. मुकादमाला आडवा पाडून तो त्याच्या छातीवर बसला आणि माझं नख त्याने त्याच्या गळ्याला टेकवलं. खाली शीर थडथडत होती. खरं सांगतो, मलाही चावायचं होतं.

"त्याला राहू दे रे," थोरली पडल्या पडल्या म्हणाली. तिच्या तोंडात माती होती. "आधी कॉक बंद कर. सगळं नदीत चाललंय."

तो उठला. एका हातात मी तसाच होतो, दुसऱ्या हाताने त्याने कॉक फिरवला.

टँकर आता येत नाही. आलाच तर म्हणून काठावर पाळीने माणसं बसलेली असतात. धाकट्याची नोकरी गेली. तो दोराला सगळ्यांत पुढे असतो. डॉक्टर गिऱ्हाइकांना टाके दाखवत हिंडतो. दोराचं टोक हल्ली झाडाच्या बुंध्याला बांधतात. मासे अजून परतलेले नाहीत, पण विषाने करपलेल्या लव्हाळ्यांना कोंब आलेत.

मी थोरलीच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. गंजलोय, एक नख वाकलंय. माझी कीव करू नका, सुट्टीच्या सकाळी नदीवर या. ती काठावरून "ओढा" म्हणते तेव्हा तिचा उजवा हात सवयीने पुढे येतो, पण त्याची मूठ वळत नाही. दोरावर तेवढी एका मुठीची जागा रिकामी आहे.