कुंकवाखालची चार अक्षरं

मी एक जुनी पिवळी पाटी आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, पत्र्याची. कागलच्या एमआयडीसीत गणपतरावांच्या शेडमध्ये प्लास्टिकची झाकणं पाडणारं एक चिनी मशीन आहे. त्याच्या दारावर मला रिव्हेट मारून बसवलंय. माझ्यावर चार अक्षरं आहेत: 小心夹手. ती हजारो वर्षं जुनी आहेत आणि मला त्यांचा माज आहे. असायलाच पाहिजे. ज्यांचा जन्म चित्रातून झाला, त्यांनी मान खाली का घालावी?

चीनमधल्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला, रंगवला, त्यावर अक्षरं उठवली. तिथला प्रत्येक कामगार मला वाचायचा. पुढं मशीन जुनं झालं, विकलं गेलं आणि जहाजातून इकडं आलं. इथं मला वाचणारं कुणीच नव्हतं.

या मशीनचं दार उघडलं की मशीन थांबतं. पण थांबलं की झाकणं कमी पडतात, म्हणून इथं दाराचा स्विच तारेनं बांधून टाकला. दार उघडं आणि मशीन चालू! अडकलेलं झाकण काढायला मशीन चालवणारी बनाबाई आत हात घालायची आणि साचा मिटायच्या आत बाहेर ओढायची. रोज. मी बघायचे आणि जळायचे. पाटीला तोंड नसतं. तिला लोकांचे डोळे लागतात.

वर कहर म्हणजे मला देव केलं. जुना ऑपरेटर गुंडू सगळ्यांना सांगायचा, "ह्यो मशिनीचा मंतर हाय. पुसायचा न्हाय." दर खंडेनवमीला मशिनींची पूजा व्हायची तेव्हा माझ्यावर हळद, कुंकू आणि झेंडूचा हार. बाहेर मला कुंकू आणि आत बाईचा हात! असली पूजा गेली खड्ड्यात.

यंदाच्या खंडेनवमीला ऐश्वर्या होती. माल तपासायला नवी लागलेली, चिनी शिकलेली. गुंडू हार घालायला लागला तशी ती म्हणाली, "थांबा गुंडूमामा. कसला मंत्र म्हणता हा?"

"लक्षुमीचा असंल की! झाकणं पडत्यात न्हवं?"

तिनं फडक्यानं माझं कुंकू पुसलं. "मामा, पाय पसरा, हात फाकवा. बनामावशी, तुम्ही इकडून. मोना, तू तिकडून. आता दाबा."

बनाबाई आणि तिच्या शेजारी काम करणारी मोना, दोघींनी गुंडूला मनापासून दाबलं.

"आगं ए! मरतोय की! बरगड्या मोडताय व्हय माज्या?"

"हे तिसरं अक्षर," ऐश्वर्या म्हणाली. "मधे मोठा माणूस, दोन्ही बाजूंनी दोन माणसं. म्हणजे चेंगरणं. आता त्या दोघांचे नुसते दोन ठिपके उरलेत."

सगळी शेड हसली. मी फुगून गेले. मग तिनं पहिलं अक्षर दाखवलं: तीन बारीक कण, म्हणजे लहान. दुसरं काळजाचं चित्र. दोन्ही शेजारी बसली की अर्थ होतो 'जपून'.

"आन् शेवटचं?" बनाबाईनं विचारलं.

ऐश्वर्यानं तिचाच हात वर धरला, बोटं फाकवली. "हे."

जपून, हात चेंगरेल. हसणं थांबलं. बनाबाई आपल्या पंजाकडं बघत राहिली.

"मालक, ती तार सोडा," बनाबाई म्हणाली.

"सणाचं काय काढलंस हे? दिवाळीची ऑर्डर हाय. माल कमी पडंल," गणपतराव म्हणाले.

"पडूंदे. झाकणं परत पाडता येत्यात. तार सुटल्याबिगर मी मशीन चालू करत न्हाय. न्हायतर तुमी घाला की हात. घाला!"

गणपतरावांनी साच्याकडं पाहिलं. हात खिशातच राहिला. गुंडूनं पक्कड आणली आणि तार तोडली. बनाबाईनं मशीन सुरू केलं, दार सरकवून उघडलं. मशीन जागच्या जागी थांबलं. किती वर्षांनी मला कुणीतरी वाचलं होतं!

मित्रांनो, विजेच्या खांबावर, लिफ्टपाशी, रस्त्याच्या वळणावर माझी भावंडं उभी आहेत. त्यांच्यावर पोस्टर चिकटवू नका, पिचकाऱ्या मारू नका. लिपी परकी असेल तर विचारा, लाज कसली? आणि माझ्यापुढं हात जोडण्याआधी मला वाचा. जोडायलासुद्धा दोन हात लागतात. ते शाबूत राहावेत म्हणूनच मला इथं ठोकलंय.