चार गिअर मागे, एक पुढे

सुगंधाबाईचा मुलगा हितेंद्र वाईट नाही. जळगावला गेलेली पोरं असतात तसाच आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, दारात उंच पांढरी गाडी उभी राहिली, की या पोरांना आईचे गुडघे आठवायला लागतात. आई पाण्याची कळशी उचलते तेव्हा आठवत नाहीत. आईच्या नावावर शेत आहे हे आठवलं की मागोमाग गुडघे आठवतात.

आषाढात तो सावद्याला आला, ओट्यावर बसला आणि आजाऱ्याला समजावतात तसा समजावू लागला. "आई, शेत पाल गावच्या रस्त्याला, नाल्याच्या पलीकडं. धड वाट नाही. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. तुला चालवत नाही. दहा वर्षांसाठी एका व्यापाऱ्याला करायला देऊन टाकू. तू इथं निवांत भजन कर."

"भजन मले येत नाही," सुगंधाबाई म्हणाली. "केळी येते."

"अगं पण जाशील कशी?"

"गाडीनं."

"कोणाच्या?"

"मह्या."

हितेंद्र हसला. ते हसणं सुगंधाबाईला भाकरीतल्या खड्यासारखं लागलं. ती म्हणाली, "आईक. श्रावणात कानबाई बसते, त्याच्या आत मी मह्या हातानं गाडी चालवत शेतात गेली, अन् तठून तिच्या मांडवाला केळीचे खांब घेऊन आली, तर हा विषय बंद. कायमचा. नाही गेली तर आण तुझा कागद. सही करते. अंगठा नाही, सही."

"कबूल," हितेंद्र म्हणाला. आपण हरूच शकत नाही अशी खात्री असलेला माणूस इतक्या लवकर कबूल म्हणतो.

त्याची खात्री उगाच नव्हती. खळ्यात गाड्या दोन होत्या आणि दोन्ही मिळून एक धड गाडी होत नव्हती. एक सासऱ्याची जुनी जीप. इंजिन जाम होऊन तिला वीस वर्षं झालेली, बॉनेटखाली कोंबडी अंडी घालायची. दुसरा नवऱ्याचा, जीवरामचा, छोटा ट्रक. त्याचा पत्रा गंजून जाळी झालेली, चेसिसला दोन ठिकाणी तडा, रस्त्यावर न्यायची परवानगी संपलेली. पण इंजिन! नवरा गेल्यापासून दर सोमवारी सुगंधाबाई त्या ट्रकमध्ये चढून चावी फिरवायची आणि पाच मिनिटं नुसती बसून आवाज ऐकायची. शेजारची प्रमिलाबाई म्हणायची, "सुगंधे, लोकं सोमवारी महादेवाला पाणी घालतात, तू डिझेल घालतं."

सुगंधाबाईला गाडी येत होती का? येत होती, पण अर्धी. म्हणजे असं, की जीवरामच्या मानेचा मणका तरुणपणीच गेलेला. सरळ समोर बघून तो दिल्लीपर्यंत गाडी नेईल, पण मागं वळून बघायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. शेतात केळीचे घड भरायला ट्रक तर बांधावरून उलटाच आत घ्यावा लागतो. मग जीवराम खाली उतरायचा, ट्रकच्या मागं उभा राहून मागच्या झडपेवर, फाळक्यावर, थापा मारत ओरडायचा, "आने दे, आने दे, आने दे... बस!" आणि स्टिअरिंगवर बसलेली असायची सुगंधाबाई. पंचवीस वर्षं. रिव्हर्स तिचा, बाकीचे गिअर नवऱ्याचे, अशी त्या घरात वाटणी होती. तालुक्यात ही गोष्ट कुणी सांगत नाही. बाईनं गाडी चालवली हे सांगायला लोकांची जीभ जड होते, नवऱ्यानं बायकोला मारलं हे मात्र कौतुकानं सांगतात.

मिस्त्री हिलाल. मूळ धुळ्याकडचा, पस्तीस वर्षं सावद्यात. त्यानं जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, ट्रकभोवती एक, आणि बिडी कानावर ठेवली. "अक्का, ट्रकचं काळीज जीपमध्ये टाकू. इंजिन न् गिअरबॉक्स जोडीनं. पण त्या इंजिनाचा जोर जीपच्या मागच्या ॲक्सलला, चाकांच्या दांड्याला, झेपणार नाही, तो पापडासारखा मोडीन. ट्रकचाच ॲक्सल घेऊ."

"होईल ना?"

"हिलालनं हात लावला अन् झालं नाही, असं एक काम दाखवा."

प्रमिलाबाईनं तिथंच दोन दाखवली. हिलालनं तिच्याकडं पाहिलंच नाही.

कडुनिंबाच्या फांदीला चेनकप्पी लावली. ट्रकचं इंजिन वर आलं, झोके खात हवेत थांबलं, तेव्हा सुगंधाबाईनं पदर खोचून त्याच्या पोटाखाली हात धरला, जसं काही ते पडलं असतं तर तिनं झेललंच असतं. जीपचा पुढचा पत्रा कापला, रेडिएटर वीतभर पुढं सरकवला, इंजिनाच्या पायांसाठी नवे ब्रॅकेट वेल्ड केले. कोंबडीची सोय टोपलीत झाली. गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणारा लांब शाफ्ट आखूड करायला धुळ्याला पाठवला, हिलालच्या ओळखीच्या लेथवाल्याकडं. तिथून रोज फोनवर एकच उत्तर, "उद्या शे," म्हणजे उद्या आहे. असे आठ उद्या गेले. शाफ्ट आला गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी नागपंचमी, रविवारी कानबाई.

शुक्रवारी सकाळी हिलालनं ट्रकचा ॲक्सल जीपखाली सरकवला आणि कपाळावर हात मारला. ट्रकमध्ये स्प्रिंगच्या पाट्या ॲक्सलच्या वर बसतात, जीपमध्ये ॲक्सलच्या खाली. म्हणजे पाट्या ज्यावर टेकतात त्या लोखंडी बैठका ॲक्सलच्या नको त्या बाजूला आलेल्या. त्या कापायच्या आणि दुसऱ्या बाजूला वेल्ड करायच्या, अर्ध्या दिवसाचं काम. त्यानं कटर हातात घेतला, बटण दाबलं, तो गुरगुरला आणि घरातून सुगंधाबाई धावत आली.

"बंद करा ते!"

"काय व्हयनं, अक्का?"

"आज पंचमी. घरात मी विळीला हात नाही लावला, चुलीवर तवा नाही ठेवला, अन् तुम्ही मह्या दारात कटर चालवता? आज कापायचं नसतं."

"अक्का, ते भाजीला. हे लोखंड शे."

"मालकाच्या गाडीचं लोखंड आहे ते. उद्या कापा."

"उद्या कापलं तर जोडू कधी? उद्या तर तुमचा साहेब येईल जळगावहून!"

सुगंधाबाई ऐकेना. शेत जाईल ही भीती तिला होतीच, पण ज्या दिवशी आख्ख्या खानदेशात कुणी कोथिंबीर चिरत नाही त्या दिवशी नवऱ्याच्या गाडीवर करवत चालवायची, हे तिच्या गळी उतरेना. हिलाल रुसून निंबाखाली जाऊन बसला. बिडी पेटवली. बिडी संपता संपता त्याच्या तोंडावर असं काही तेज आलं की प्रमिलाबाई म्हणाली, "आता हा काहीतरी वाटोळं करतो."

"कटरच नको!" हिलाल उठला. "ॲक्सल पालथा घालू. वरच्या बैठका आपोआप खाली. कापायचं काम नाही, तुमचा नाग खूश, आपणबी खूश."

दुपारपर्यंत ॲक्सल पालथा बसला. हवेच्या बारीक भोकातून तेल ठिबकायला लागलं, कारण ते भोक आता खाली आलं होतं. हिलालनं त्यात कपड्याच्या साबणाचा गोळा कोंबला. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर जोडायचं काम कानबाईनंतर करू म्हणाला. "मागची दोन चाकं बास. बठ्ठं, सगळं बरोबर शे, अक्का."

शनिवारी सकाळी हितेंद्र आला. सोबत त्याची बायको ज्योत्स्ना, आणि कराराची फाईल. फाईल त्यानं गाडीतच ठेवली, पण अशी, की काचेतून दिसावी. जीपभोवती अर्धा मोहल्ला गोळा झालेला. बॉनेटला हळदकुंकू, पुढं नारळ. सुगंधाबाईनं साडीचा काष्टा मारला, चढली, चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं. तोच आवाज, सोमवारचा. लोक बघत होते म्हणून ती पाच मिनिटं ऐकत बसली नाही. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

जीप मागं गेली. टोपलीतली कोंबडी जीव घेऊन उडाली आणि जीप सरळ उकिरड्यात जाऊन टेकली.

"पहिला टाका, अक्का, पहिला!" हिलाल ओरडला.

"पहिलाच आहे!"

दुसरा टाकला. मागं. तिसरा. मागं, जरा जोरात. चौथ्याला हिलालनंच हात जोडले. शेवटी रिव्हर्स टाकला, तर जीप गोगलगायीसारखी पुढं आली.

आता त्याचं असं आहे की ॲक्सलच्या पोटात दातांची दोन चक्रं एकमेकांत अडकलेली असतात. ॲक्सल पालथा घातला की उजवीकडचं चक्र डावीकडं जातं आणि चाकं उलटी फिरतात. मिस्त्रीचा नवखा शागीर्दही हे सांगेल. हिलालनंही सांगितलं असतं, जर पंचमीच्या दिवशी आपल्या हुशारीवर इतका खूश झाला नसता. आता तो टायरकडं असा बघत होता जसा टायरनंच दगा दिला.

लोक हसू लागले. उकिरडा, कोंबडी, चार गिअर मागे आणि एक पुढे, हसणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे? हितेंद्र हसला नाही. तो जवळ आला आणि मऊ आवाजात म्हणाला, "आई, उतर. पुरे झालं. लोकांत शोभा नको."

तो 'शोभा' शब्द त्यानं काढायला नको होता.

सुगंधाबाईनं डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, कमरेतून वळली आणि मागं पाहिलं. पंचवीस वर्षं पाहिलं होतं तसं. एकदम तिला कळलं की ही गाडी बिघडलेली नाही. ही गाडी तिच्याच वाटणीला आलेली आहे.

"सरका," ती म्हणाली.

"आई, दोन कोस आहे! पूर्ण रस्ता उलटी जाणार?"

"उलटी कुठी? माझं तोंड शेताकडंच आहे. बाजूला व्हय."

तेवढ्यात ज्योत्स्ना पुढं आली. तिनं पर्स नवऱ्याच्या हातात दिली, मागचा फाळका उघडून जीपमध्ये चढली आणि बाकावर शेताकडं तोंड करून बसली. "आई, मी मागचं सांगते. म्हणजे पुढचं."

"ज्योत्स्ना!" हितेंद्र म्हणाला.

"तुम्ही या फाईल घेऊन."

जीप निघाली. केळीच्या वखारीसमोरून, शाळेसमोरून, टोपल्या धुणाऱ्या बायकांसमोरून, आधी पाठ आणि मग तोंड अशी. एका बसच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारून दोन्ही हात कानाला लावले. पोलीस चौकीसमोर हवालदारानं शिट्टी तोंडात घातली, पण कोणत्या गुन्ह्यासाठी फुंकायची ते न ठरल्यानं तशीच काढली. मागून हिलाल एका मोटारसायकलवर, त्याच्या मागं हितेंद्रची पांढरी गाडी, जिच्या जाहिरातीत ती डोंगरावरून उड्या मारते.

नाल्याला श्रावणाचं पाणी होतं. गुडघ्याच्या वर, गढूळ, आणि खाली डोक्याएवढे गोटे. पलीकडं चिकणमातीची चढण, तिच्या माथ्यावर केळीचं हिरवं. पांढरी गाडी अलीकडंच थांबली. हितेंद्रनं काच खाली करून पाण्याकडं पाहिलं आणि काच वर केली.

सुगंधाबाई थांबली नाही. थांबली असती तर घाबरली असती. पहिला गिअर, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. जीवराम सांगायचा, पाण्यात क्लचला पाय लावशील तर मी तुह्या पायाला घुंगरू बांधीन, मग नाच तिथंच. पाणी चाकांच्या निम्म्यावर आलं. जीप एका गोट्यावर चढली, डाव्या अंगाला कलली. ज्योत्स्नानं डोळे मिटले, मग आपलं काम आठवून उघडले.

"उजवीकडं, आई! अजून! दगड आहे, आता सरळ!"

"आने दे म्हण!"

"काय?"

"आने दे म्हण, मले दुसरं समजत नाही!"

"आने दे!" ज्योत्स्ना फाळक्यावर थापा मारत ओरडली. "आने दे, आने दे, आने दे!"

चढणीला मागची चाकं चिखलात फिरली. इंजिनाचा आवाज खाली बसला, घोगरा झाला. हा आवाज सुगंधाबाईला ठाऊक होता. हा मरायचा आवाज नव्हता. भरलेल्या ट्रकमध्ये जोर एकवटताना तो असाच यायचा. तिनं ॲक्सिलेटर वाढवला नाही, सोडलाही नाही. चाकांनी कुठंतरी खालचा मुरूम धरला आणि जीप ढुंगण वर करून एक एक हात चढत माथ्यावर गेली.

"बस!" ज्योत्स्ना ओरडली.

नाल्याच्या अलीकडं हिलाल लोकांना सांगत होता, "पाण्यात गाडी उलटीच घालावी लागते. तोंडानं घातली की पंखा पाणी उडवतो, इंजिन बंद पडतं. म्हणून मी ॲक्सल मुद्दाम तसा लावला."

दोन तासांनी जीप परत आली, गेली तशीच. बाकावर ज्योत्स्ना, चिखलानं माखलेली, हातात धरलेले केळीचे दोन खांब, पानं वाऱ्यावर फडफडताहेत. हितेंद्र ओट्यावर बसला होता. फाईल दिसेल अशी नव्हती. सुगंधाबाईनं फाईलचं विचारलं नाही. एवढी त्याची लाज राखली.

संध्याकाळी रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायला घेतले. कानबाईच्या रोटाला घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ही रीत. बायका मोजायला, दळायला, भाजायला असतात. मोजणीत नसतात. सुगंधाबाईनं हितेंद्रच्या नावाची मूठ टाकली, नातवाच्या नावाची टाकली. मग आणखी दोन सव्वा मुठी टाकल्या.

"ह्या कोणाच्या?" प्रमिलाबाईनं विचारलं.

"एक चालवणारीची, एक आने दे म्हणणारीची."

प्रमिलाबाईनं सूप पुढं सरकवलं.

सोमवारी कानबाईला निरोप देऊन बायका नदीवरून परतल्या, तर दारात हिलाल कटर घेऊन उभा. "अक्का, आता पंचमीबी गेली, कानबाईबी गेली. बैठका कापतो, ॲक्सल सरळ करतो. दोन दिवसांत गाडी माणसासारखी पुढं पळेल."

सुगंधाबाईनं ओट्याकडं पाहिलं. हितेंद्र जीपभोवती फिरत होता. बॉनेटवर हात फिरवला, टायरला पायानं टोकरलं, मग स्टिअरिंगमागं बसून पाहिलं. तिच्याकडं वळून म्हणाला, "आई, इंजिन भारी आहे गं. सरळ झाली की महिनाभर जळगावला नेऊ का? मित्रांबरोबर डोंगरात जायला."

सुगंधाबाईनं हिलालच्या हातातला कटर घेतला आणि त्याच्याच पिशवीत ठेवून दिला.

"राहू द्या, हिलालभाऊ," ती म्हणाली. "आहे तशीच चांगली आहे."