कप्तानसाहेबांचं ‘ठीक आहे’

प्रत्येक ऑफिसात सगळं येणारा एक माणूस असतो. संगणक बिघडला की दुरुस्तीवाल्याच्या आधी तो बोलतो आणि कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी. या गोष्टीतले विमा शाखेचे प्रमुख त्याच जातकुळीतले. एका सुट्टीत समुद्रात बुड्या मारून त्यांनी स्कूबा डायव्हिंगचा पहिला दाखला पदरात पाडून घेतला आणि चौकटीत घालून खुर्चीमागे टांगला. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘कप्तान’ म्हणू लागली. ते त्यांच्या कानावर गेलं, तर चेष्टा कळायच्या ऐवजी स्वारी खूशच झाली.

आता पुढचा, खोल पाण्यातला कोर्स करायचा होता. शिकायचं काही नव्हतं, फक्त दुसरी चौकट टांगायची होती. सोबतीला बायकोचा धाकटा भाऊ होता. त्याचाही पहिला दाखला ताजाच होता. बायको म्हणाली, “अहो, इतक्या लवकर एवढं खोल कशाला? त्याला अजून भीती वाटते.”

“अगं, मी आहे ना त्याच्याबरोबर,” कप्तान म्हणाले. तिने मग भावाला जाऊ दिलं.

प्रशिक्षक बाई वर्गात खोल पाण्याबद्दल सांगत होत्या. तिथे पाठीवरच्या टाकीतली हवा भराभर संपते, डोकं मंदावतं, म्हणून हवा किती उरली विचारलं की खरं सांगायचं. कप्तान तेवढ्या वेळात फोनवर स्वतःचे फोटो चाळत बसले होते.

होडीवर बाईंनी जोड्या लावल्या. उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं सगळं सामान हाताने चाचपायचं, असा रिवाज. मेहुणा पुढे झाला. “भावोजी, तपासू या का?”

“अरे, आपण घरचीच माणसं. एकमेकांना काय तपासायचं?”

थोरल्या बहिणीचा नवरा! त्याला उलटून कोण बोलणार? पोरगा गप्प बसला. त्याच्या छातीवरची जादा नळी, अडचणीत जोडीदाराला द्यायची ती, पट्ट्याखाली घट्ट अडकली होती. ती दोघांपैकी कुणालाच दिसली नाही.

खाली बाईंनी खुणेने विचारलं, हवा किती उरली? कप्तानांनी हवा दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. मेहुण्याने बोटांनी दाखवली होती, त्यापेक्षा त्यांची हवा कितीतरी कमी होती. आता हे सगळ्यांसमोर कसं दाखवायचं? त्यांनी बोटांचा गोल करून ऐटीत दाखवलं, ठीक आहे. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ऑफिसात वरच्या साहेबांना दाखवतात, अगदी तस्संच! बाई वळून स्वतः त्यांचा काटा बघायला येऊ लागल्या, तोवर कप्तानांच्या तोंडात हवा यायची थांबली.

मग या शूरवीराने काय करावं? मेहुण्याच्या तोंडातली नळी ओढून घेतली आणि स्वतःच्या तोंडात खुपसली!

पोराने शिकवल्याप्रमाणे छातीवरची नळी घ्यायला हात घातला. ती निघेना. तो ओढत राहिला, डोळे विस्फारले. एवढ्यात बाईंनी त्याला पकडून आपली जादा नळी त्याच्या तोंडात दिली आणि दोघांना धरून सावकाश वर आणलं.

होडीवर कप्तानांना कंठ फुटला. “तुमचा काटाच बिघडलेला असणार. मी तक्रार करीन.”

बाईंनी काटा त्यांच्यासमोर धरला. “हा बरोबर आहे. तुम्ही खोटं बोललात. हवा कमी आहे म्हणाला असतात, तर आपण वर आलो असतो, बस्स. त्यात कसली लाज? नवख्याला येत नाही म्हणून तर मी आहे. पण येत नसताना येतं म्हणणाऱ्याला मी काय शिकवू? आणि त्याची किंमत बघा, कुणी मोजली असती.”

मेहुणा कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून बसला होता. दात वाजत होते. कप्तान त्याच्याकडे गेले, तसा तो किंचित मागे सरला. भावोजींपासून! त्या वेळी कुठे आपण काय केलं ते त्यांना उमगलं.

किनाऱ्यावर बायकोचा फोन आला. “झालं का? सगळं ठीक आहे ना?”

जिभेवर ‘हो’ तयारच होतं. जन्मभर तेच तर निघत आलं होतं. समोर मेहुणा मान खाली घालून उभा होता, या वेळीही तो काही बोलणार नव्हता.

“नाही,” कप्तान म्हणाले. “ठीक नाही. आज माझ्यामुळे तुझा भाऊ गेला असता. मला काही येत नव्हतं आणि मी येतं म्हणालो.”

पलीकडून बायको एवढंच म्हणाली, “फोन त्याच्याकडे द्या.”

वाचकहो, असे कप्तान आपल्या घरात आहेत, ऑफिसात आहेत, आणि आपण मान राखण्याच्या नावाखाली त्यांच्यापुढे गप्प बसतो. ‘मला येत नाही’ म्हणायला शिकावं आणि समोरचा कितीही मोठा असो, त्याला तपासून घ्यावं. नाहीतर त्यांच्या ऐटीपायी दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास जातो!

बाईंनी कप्तानांना पुन्हा उथळ पाण्यात, अगदी नव्यांच्या वर्गात बसवलं. ते निमूटपणे गेले. बाईंनी मेहुण्याला विचारलं, यांच्याबरोबर पुन्हा उतरशील का? तो म्हणाला, “उतरेन. पण आधी भावोजींचं सगळं सामान मी तपासणार, आणि ते माझं.”