पुलाच्या बदल्यात ताई

संगणकावर मी मध्ययुगीन लढायांचा एक खेळ खेळतो. राज्याला राजकन्या लागते, म्हणून ताईचं नाव घातलं. बाबांना किल्लेदार केलं, कारण ते तसेही दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसतात. खजिना आईकडे. तिथे दुसऱ्या कुणाचं चाललंच नसतं.

उत्तरेच्या राजाने राजकन्येला मागणी घातली. बदल्यात नदीवरचा दगडी पूल. माझं घोडदळ नदीच्या अलीकडे ताटकळलं होतं. मी ‘कबूल’ दाबलं आणि चहा प्यायला गेलो.

त्याच आठवड्यात ताईला स्थळ आलं. मुलगा उत्तरेचा, पूल बांधतो. आई हरखली. ताईने फोटो पाहून नाक मुरडलं नाही, म्हणजे पसंत. तिला मी खेळातला सौदा सांगितला, तर म्हणाली, निदान एखादा डोंगर तरी मागायचास.

मला हा योगायोग खटकला, म्हणून मी सोयरीक मोडायला बसलो. खेळात त्याला एकच वाट होती, युद्ध. घोडदळ पुलावर घातलं. पलीकडे धुकं होतं. त्यातून माझं कुणी परत आलं नाही. मग त्यांचं सैन्य आलं, माझ्याच पुलावरून, सावकाश, पाहुणचाराला आल्यासारखं. मी किल्ल्याचे दरवाजे लावायला सांगितले. पडद्यावर उत्तर उमटलं: किल्लेदार जावयाला दार बंद करत नाही.

हा नियम मी वाचलाच नव्हता.

आज दुपारी मुलाकडचे यायचे होते. चौघं, असं ठरलं होतं. खिडकीतून पाहिलं तर गल्लीच्या टोकापर्यंत गाड्या. माणसं उतरत होती आणि न बोलता रांग धरत होती. सगळ्यांचे बूट सारखे. आईने कप काढायला घेतले आणि मध्येच थांबली.

मी ताईला म्हटलं, मागच्या दाराने मावशीकडे जा.

“तिथेही दोघं उभे आहेत,” ती वेणी घालत म्हणाली. “फार नम्र आहेत रे. मला आत जा म्हणाले.”

बेल वाजली. बाबा उठले, सदरा नीट केला.

“बाबा, उघडू नका.”

“वेडा का खुळा? जावयाला कुणी दारात ताटकळवतं?”

“अजून कुठे झालाय जावई?”

बाबांनी कडीवर हात ठेवला. खेळाचं त्यांना मी कधीच काही सांगितलं नव्हतं.

“कबूल तूच म्हणालास ना,” ते शांतपणे म्हणाले आणि कडी काढली.