सुकवणीच्या खोलीतली बया

लॉन्ड्रीत त्या दिवशी एकही इस्त्री चालू नव्हती. सगळी माणसं भिंतींना चिकटून उभी, मधोमध फरशीवर दोघी बहिणींतली धाकटी, आणि तिच्यासमोर भूत उतरवणारा फुंकरबाबा.

"घे श्वास! सोड! जोरात! अजून जोरात!" बाबा गरजला. "हुसकून लाव अंगातल्या त्या बयेला!"

धाकटी भात्यासारखी धापत होती. बघता बघता तिची बोटं आकसली, अंगठा तळव्यात वळला. "ताई, माझे हात... मी मरतेय गं!"

"बघा, बया बोटांत उतरली!" गर्दीनं हात जोडले. मग बाबानं तिच्या कपाळावर एक लांबलचक फुंकर घातली. "आता माझ्याबरोबर सोड. हळू... हळू..." थोड्या वेळानं बोटं मोकळी झाली. चमत्कारच की हो!

थोरली बहीण मात्र धाकटीला खेटून बसली. बाबाचा निकाल अजून यायचा होता, आणि तो आला. "बया सुकवणीच्या खोलीतली आहे. पोरीला आत्ताच तिथं कोंडा, दिवस मावळेपर्यंत. ओरडली तरी उघडायचं नाही. ओरडेल ती बया."

मालकानं मान डोलावली. त्याला काय, काम सुरू झाल्याशी मतलब.

ओले कपडे गरम हवेत सुकवायच्या त्या खोलीची कडी फक्त बाहेरून. रीत अशी, की आत जाणाऱ्यानं चपला दाराशी काढायच्या. चपला दिसल्या की दार लावायचं नाही. मागच्या महिन्यात धाकटीची चप्पल तुटली आणि ती अनवाणीच चादरी काढायला आत गेली. मुकादमानं चपला नाहीत असं बघून कडी घातली. मशीनच्या घरघरीत तिच्या थापा कुणाला ऐकू जाणार? बऱ्याच वेळानं ती अर्धमेली सापडली. तेव्हापासून गरम, ओल्या चादरींचा वास आला की छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही, बोटं वाकडी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, "हा भीतीचा झटका आहे." थोरलीला ते पटलं नव्हतं. भीतीनं कुठं बोटं वाकडी होतात? म्हणूनच आज बाबा आला होता.

दोघांनी धाकटीला धरून उठवलं. जाड दार उघडलं, आतली ऊब अंगावर आली. धाकटी रडली नाही, ओरडली नाही. तिनं नुसती थोरलीची बाही घट्ट धरली. ते गप्प राहणं थोरलीला सोसवेना.

"थांबा! आधी डॉक्टरीणबाईंना बोलवा. तोवर कुणी कडीला हात लावला तर याद राखा!"

दवाखाना समोरच होता. बाई लगेच आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि मालकाकडे वळल्या. "तुमच्या अंगात बया आहे?"

"छे! काहीतरीच!"

"मग बसा. बाबांनी सांगितला तसा श्वास घ्या."

मालक मिशीत हसत बसला. थोड्याच वेळात हसू मावळलं. "अहो, ओठ बधिर झाले... हात, हात बघा!" त्याचाही अंगठा तळव्यात वळला होता.

"अगं बाई, मालकांना धरलं!" कुणीतरी किंचाळलं.

"त्यांच्याच धापांनी धरलंय. मालक, आता श्वास हळू सोडा." मालकाची बोटं सुटू लागली. "धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग मुंग्या येतात, बोटं आकसतात. घाबरलेला माणूसही असाच धापतो. बाबा आधी धापा टाकायला लावतात, मग हळू सोडायला. दुखणंही त्यांचंच आणि औषधही त्यांचंच."

"जिथं विज्ञान संपतं, तिथं..." बाबानं सुरू केलं.

"मग तुम्हीच बसा आत," थोरली म्हणाली. "कडी मी घालते."

बाबानं दाराकडे बघितलं. सकाळपासून ओरडणाऱ्या त्या महापुरुषाला एकाएकी आठवलं, की आज आपलं मौन आहे. झोळी उचलून तो चालता झाला.

"बाई, आता झटका पुन्हा नाही ना येणार?" धाकटीनं विचारलं.

"येईल. चढेल आणि उतरेल, जीव घेणार नाही. त्यावर उपचार आहेत, आपण ते करू."

झटका आलाच, आठवडाभरात. तेच धडधडणं, तीच मरणाची भीती. थोरली तिच्याशेजारी फरशीवर बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. स्वतःची छाती धडधडत असतानाही म्हणत राहिली, "उतरेल गं, उतरतंय." आणि उतरलं.

मंडळी, भूतबीत काही नसतं, भीती मात्र खरी असते. घाबरलेल्या माणसाला कोंडू नका, झोडपू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, आणि तोवर त्याच्याजवळ बसा.